घरची भट्टी : कोळसा, ऐरण आणि पाणी देण्याविषयी वाचकांचे प्रश्न

छंद म्हणून घरी लोहारकाम करू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अडचणीची पत्रे एकत्र केली आहेत. 'पाणी देणे' म्हणजे तापवलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणे.

घरामागे मोकळी जागा आहे. विकतची भट्टी न घेता, कमीत कमी सामानात कामचलाऊ भट्टी कशी उभारावी?
— वाचक, वाई

पहिली भट्टी मातीचीच करा. चार-सहा महिने ती वापरली की आपल्याला काय लागते हे नीट कळते, आणि मग विकतच्या भट्टीवर पैसे वाया जात नाहीत.

जुन्या फळ्यांचा किंवा पत्र्याचा खोका घ्या : ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद, २५ सेंमी खोल. त्याला पाय लावून काठ कमरेइतका उंच आणा. तळाशी ८ सेंमी माती ठोकून बसवा. त्यावर, खोक्याच्या अरुंद बाजूने आत येणारा काळा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंडाचा) पाइप आडवा ठेवा. आतला व्यास २० ते २५ मिमी पुरे. त्याचे आतले तोंड खोक्याच्या साधारण मध्यावर यावे. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप नको. त्याचे कारण पुढे अकोल्याच्या पत्राच्या उत्तरात दिले आहे. मग उरलेली माती भरून पाइपच्या तोंडासमोर १० सेंमी रुंद आणि २० सेंमी लांब चर कोरा. चराचा तळ पाइपच्या २-३ सेंमी खाली आणि काठ पाइपच्या १०-१२ सेंमी वर असावा. खाली राहिलेली ती २-३ सेंमी जागा राखेसाठी आहे. ती ठेवली नाही, तर तासाभरात राख पाइपच्या तोंडाशी साचते आणि हवा कोंडते.

माती लाल किंवा चिकण असली तर उत्तम. नुसती काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तिच्यात निम्मी वाळू आणि थोडी चाळलेली राख मिसळा. चिखल करायचा नाही. मुठीत दाबल्यावर गोळा राहील पण हाताला चिकटणार नाही एवढाच ओलावा हवा. पाच-पाच सेंमीचे थर टाकून ठोकत जा. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, मग तासभर काटक्यांचा मंद जाळ करा. घाई करून पहिल्याच दिवशी पंखा लावला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन मातीचे ढलपे उडतात. सिमेंट काँक्रीट किंवा नदीतले गोटे आगीजवळ अजिबात वापरू नका. त्यांत अडकलेले पाणी त्यांना फोडते आणि कपच्या थेट तोंडावर येतात.

हवेसाठी हाताने फिरवायचा पंखा सर्वांत चांगला. हात थांबला की जाळ थांबतो, त्यामुळे कोळसा वाचतो. विजेचा ब्लोअर असेल, तर तो या भट्टीला जवळजवळ नेहमीच जास्त पडतो. हेअर ड्रायर तर फारच. मोटार मंद करण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा ब्लोअर आणि पाइप यांच्यामध्ये सरकता पत्रा बसवा आणि हवा तिथे कापा. ठिणग्यांचे कारंजे उडत असेल तर हवा जास्त आहे.

नवखे लोक सर्वाधिक फसतात ते लोखंड ठेवण्याच्या जागेवर. ते पाइपच्या ५ ते ७ सेंमी वर, आडवे ठेवायचे. खाली निखारे, वरही निखारे. जास्त तापावे म्हणून ते पाइपच्या तोंडाशी खुपसले, तर न जळलेली ताजी हवा थेट लोखंडावर येते. मग ते तापण्याऐवजी जळते आणि त्यावर जाड खवले (जळलेल्या लोखंडाचे पापुद्रे) धरतात. निखाऱ्यांच्या थरातून वर जाताना हवेतला प्राणवायू खर्च होतो. तो खर्च झाल्यानंतरची जागा आपल्याला हवी असते.

बाकी सामान थोडे : ८०० ग्रॅम ते १ किलोचा हातोडा, तारेचा ब्रश, छिन्नी, पाण्याची एक बादली आणि वाळूची एक. सांडशीसाठी अडून बसू नका. सुरुवातीला ६० सेंमी लांबीच्या सळईवर काम करा, म्हणजे दुसरे टोक हातात धरता येते. सांडशी घ्याल तेव्हा मात्र १० मिमीची सळई तिच्या जबड्यात पूर्ण लांबीभर टेकते की नाही ते पाहा. फक्त टोकाशी धरणाऱ्या सांडशीतून तापलेला तुकडा घाव बसताच निसटतो.

फ्लॅटच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत छोटी भट्टी चालेल का?
— वाचक, ठाणे

बाल्कनीत नाही. ठिणग्या खालच्या मजल्यांवर पडतात, कार्बन मोनॉक्साइड शेजारच्या खिडकीतून आत जातो आणि ऐरणीचा आवाज स्लॅबमधून सगळ्या इमारतीत फिरतो. गच्ची सोसायटीची असते आणि तिचे वॉटरप्रूफिंग उष्णतेला टिकत नाही. गावी किंवा ओळखीच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये रविवारची जागा मिळते का ते बघा. तोवर घरी कानस चालवायला शिका. लोहारकामाचे निम्मे फिनिशिंग कानशीवरच होते, आणि ती सरळ चालवायला शिकायला हातोड्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आमच्याकडे करवंटीचा कोळसा सहज मिळतो. तो चालेल की बाभळीचाच हवा? दगडी कोळसा आणावा का?
— वाचक, म्हापसा

करवंटीचा चालतो. आच कडक असते आणि राख कमी. अडचण तुकड्यांच्या आकाराची आहे. चपटे, बारीक तुकडे एकमेकांवर बसून हवा अडवतात, आणि जोराची हवा दिली तर उडून जातात. निम्मा करवंटीचा आणि निम्मा बाभळीचा लोणारी कोळसा असे मिश्रण चांगले जमते. तुकडे सुपारीपासून अक्रोडाएवढे करून घ्या. मोठे ढेकूळ टाकले की मध्ये पोकळ्या राहतात आणि लोखंड एका बाजूने काळेच राहते. फोडताना निघणारा चुरा चाळून काढा. दोन-तीन तासांच्या कामाला ५-६ किलो कोळसा हाताशी ठेवा.

तुमच्याकडच्या पावसाळ्यात कोळसा हवेतला ओलावा ओढून घेतो. असा कोळसा तडतडतो आणि ठिणग्या अंगावर उडवतो. झाकणाच्या पिंपात ठेवा आणि त्या दिवशीचा कोळसा भट्टीच्या काठावर आधी पसरून सुकवा.

दगडी कोळसा घराजवळ नकोच. पेटताना तो पिवळट, गंधकाचा दाट धूर सोडतो आणि शेजारी दुसऱ्याच दिवशी दारात येतात. शिवाय त्याची राख वितळून आगीच्या तळाशी काचेसारखी चिकट वडी जमते. ती दर अर्ध्या-पाऊण तासाने आकड्याने उचलून टाकावी लागते. तरीही वापरायचाच असेल तर एक लक्षात ठेवा : ब्लोअर बंद असताना कोळशातून सुटलेला वायू पाइपात मागे शिरतो आणि ब्लोअर चालू करताच त्याचा भडका होतो. म्हणून थांबताना पाइपचा सांधा सोडून ठेवायचा. कोकला (धूर देणारे घटक आधीच काढलेल्या दगडी कोळशाला) ही धुराची कटकट नाही, पण हवा दोन मिनिटे थांबली की तो विझायला लागतो.

गॅसची भट्टी बनवली. घरच्या सिलिंडरवर ती नुसती फुरफुरते, लोखंड लालसुद्धा होत नाही. मोठा रेग्युलेटर लावला तेव्हा तापली, पण थोड्या वेळाने सिलिंडरवर बर्फ धरला आणि जाळ मंदावला. काय करावे?
— वाचक, नाशिक

आधी घरचा सिलिंडर काढा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच दिलेला असतो, दुसऱ्या कामाला वापरणे नियमात बसत नाही. भट्टीसाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. यात नियमाइतकीच व्यवहाराचीही बाजू आहे, ती पुढे येते.

घरच्या रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ०.०३ बार दाबाने निघतो. भट्टीच्या व्हेंचुरी बर्नरला ०.३ ते १ बार लागतो, म्हणजे दहा ते तीस पट. बर्नरला पंखा नसतो. गॅसच्या झोतानेच बाहेरची हवा ओढली जाते. झोत मंद असेल तर हवा कमी येते आणि जाळ पिवळा, लोळता राहतो. म्हणून दाब कमी-जास्त करता येणारा, मीटर असलेला हाय-प्रेशर रेग्युलेटर आणि त्याच दाबाची नळी हवी. दर वेळी पेटवण्याआधी सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा.

बर्फाचे कारण असे : सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना तो स्वतःचीच उष्णता वापरतो आणि थंड होत जातो. थंड झाला की दाब पडतो. लहान सिलिंडरमध्ये द्रव कमी, पत्र्याचा पृष्ठभागही कमी, म्हणून तो लवकर गारठतो. अर्धा रिकामा असेल तर आणखी लवकर. मोठा सिलिंडर हाच खरा उपाय. नाशिकच्या थंडीत तो साध्या तापमानाच्या पाण्याच्या घमेल्यात उभा ठेवला तरी बराच फरक पडतो. त्याला गरम पाणी, हीटर, जाळ यांपैकी काहीही दाखवू नका. आडवाही करू नका, नाहीतर वाफेऐवजी द्रव गॅस नळीत उतरेल.

भट्टीचे मापही तपासा. २० मिमी व्यासाचा एक बर्नर साधारण ५ ते ६ लिटर पोकळी नीट तापवतो. बाहेरचे नळकांडे २५ सेंमी व्यासाचे आणि ३० सेंमी लांबीचे असेल आणि आत २५ मिमीच्या सिरॅमिक वूलचे (उष्णता अडवणाऱ्या, कापसासारख्या तंतूंच्या चटईचे) दोन थर असतील, तर १५ सेंमी व्यासाची पोकळी उरते. तिचे घनफळ होते सुमारे ५.३ लिटर. पत्रांतून आलेल्या बहुतेक वर्णनांत पोकळी याच्या दुप्पट आहे आणि दोष बर्नरला दिलेला आहे. बर्नरच्या जेटचे (गॅस सोडणाऱ्या तोटीचे) भोक ०.९ मिमी ठेवा आणि ते नळीच्या बरोबर मध्यावर रोखलेले असू द्या. मिलिमीटरभर तिरके झाले तरी बर्नर फटफटतो आणि जाळ मागे येतो.

वूल १२६० अंशांच्या दर्जाची, घनमीटरला १२८ किलो घनतेची घ्या. ती तशीच उघडी ठेवू नका. तिचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. आधी कोलॉइडल सिलिका फवारून ती कडक करा, मग उच्चतापाच्या मॉर्टरचा ५-६ मिमी लेप द्या. कापताना चांगला मास्क लावा आणि वूल ओलसर ठेवा.

नळकांडे म्हणून जुना गॅस सिलिंडर कापण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, आणि रिकाम्या भासणाऱ्या सिलिंडरवर ग्राइंडर चालवणे हा जिवाशी खेळ आहे. पत्र्याचा पाइप किंवा जाड डबा वापरा. जागा उघडी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात आणि तळघरात साचतो. भट्टीच्या तोंडातून लांब केशरी ज्वाला निघत असेल तर हवा कमी पडते आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. त्याला वास नसतो. डोके जड झाले, मळमळले, की गॅस बंद करून बाहेर या.

ऐरण महाग आहे. इथे रेल्वेच्या रुळाचे तुकडे मिळतात. ते चालतील का?
— वाचक, भुसावळ

चालतात, पण बिलासह घ्या. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि भुसावळात हे कुणी वेगळे सांगायला नको. रेल्वेच्या लिलावातून माल घेणाऱ्या भंगारवाल्याकडून पावती घेऊनच तुकडा आणा.

६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो. ४५ सेंमीचा तुकडा २७ किलो भरतो. ५२ किलोच्या रुळाचा तेवढाच तुकडा २३ किलोच्या वर जातो. हा तुकडा बहुतेक जण आडवा ठेवतात आणि मग घाव उसळतो, लोखंड हलत नाही म्हणून कुरकुर करतात. रुळाच्या डोक्याखालचा उभा पडदा जेमतेम १६ मिमी जाड असतो. आडव्या रुळावर घाव घातला की तो लवतो आणि घावाची ताकद तिथेच जिरते. तोच तुकडा उभा करा. आता घावाच्या खाली सगळेच्या सगळे २७ किलो सरळ रेषेत येतात. वर उरलेली जागा फक्त रुळाच्या डोक्याच्या छेदाएवढी, म्हणजे सुमारे ७ सेंमी रुंद आणि ४-५ सेंमी खोल. ती लहान वाटते, पण हातोड्याचे तोंडही तेवढेच असते आणि एका वेळी घाव तेवढ्याच जागेवर पडतो.

वरचे तोंड ग्राइंडरने सपाट करा. एका बाजूची कड ३ मिमी आणि दुसरीची ६ मिमी गोलाईची ठेवा. धारदार कड लोखंडात खाच पाडते आणि पुढे तिथेच तडा जातो. तुकडा बाभळीच्या ओंडक्यात खोबण करून घट्ट बसवा आणि ओंडका जमिनीत अर्धा मीटर गाडा. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मुठीची बोटे ऐरणीला टेकली पाहिजेत. उंची याहून जास्त झाली तर खांदा दुखतो आणि कमी झाली तर कंबर. रूळ कर्कश वाजतो. त्याच्याभोवती जाड साखळी करकचून आवळली की आवाज निम्म्यावर येतो.

तयार ऐरण घ्यायची वेळ आलीच तर २५ मिमीची बेअरिंगची गोळी बरोबर न्या. २५ सेंमीवरून ती सोडा. १५ सेंमीपर्यंत किंवा त्यावर उसळली तर पोलाद चांगले. धप्प करून बसली तर ऐरण बिडाची आहे, नुसत्या वजनाला भुलू नका.

ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता घडवला. लालभडक करून पाण्यात बुडवला तर 'टिंग' असा आवाज आला आणि धारेला आडवी चीर गेली. आमच्या गावचे घिसाडी तर पाण्यातच बुडवतात. मग माझे काय चुकले?
— वाचक, बारामती. याच आशयाची पत्रे फलटण आणि शेवगावहून

तडा कधी गेला हे आधी शोधा. चिरेवर कोयता मोडा आणि आतला पृष्ठभाग पाहा. तो काळा दिसला, तर तडा पाणी देण्याच्या आधीचा आहे : एक तर जुन्या पाट्यात तो होताच, किंवा तुम्ही थंड होत आलेल्या पात्यावर ठोकत राहिलात. ट्रकखाली वर्षानुवर्षे लवलेल्या पाट्यात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, न दिसणारे तडे असतात. भोकाच्या आजूबाजूचा भाग कापून टाकणेच बरे. पृष्ठभाग चकचकीत राखाडी असेल तर तडा पाण्यातच गेला. आणि मोडलेल्या जागी साखरेसारखे जाडसर दाणे चमकत असतील, तर पोलाद फार तापले होते. नीट तापवलेल्या पोलादाचा मोड बारीक, मऊसर राखाडी दिसतो.

पाट्याचे पोलाद साधे नसते. कार्बन सुमारे अर्धा ते पाऊण टक्का, आणि त्यात सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम. असे पोलाद तेलातही पूर्ण कडक होते. पाणी त्याला गरजेपेक्षा फार वेगाने थंड करते. बाहेरचा थर आधी आखडतो, आत मागून होणारा बदल त्याला ताणतो, आणि पातळ धार फाटते. त्यात 'लालभडक' या शब्दाने घोटाळा होतो. उन्हात केशरी रंगही लाल दिसतो. भट्टी सावलीत, शक्यतो संधिप्रकाशात चालवा.

घिसाडी पाण्यात बुडवतात हे खरे, पण ते पूर्ण पाते बुडवत नाहीत. धारेची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पट्टीच क्षणभर बुडते. ती बाहेर काढून दगडावर घासली जाते आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना कोणता रंग येतो यावर डोळा असतो. हवा तो रंग आला की मग सगळे पाते थंड. कडक करणे आणि त्यातला ठिसूळपणा उतरवणे ही दोन्ही कामे त्या एका हालचालीत होतात. ते बघून शिकण्यासारखे आहे, पण पाट्याच्या पोलादावर पहिल्याच प्रयत्नात करण्यासारखे नाही. तुम्ही पुढील रीत धरा.

घडवताना पाते केशरी ते पिवळसर-केशरी, म्हणजे ९०० ते १०५० अंश असताना ठोका. मंद लाल झाले की थांबा, परत भट्टीत. घडवून झाल्यावर ते तीन वेळा तापवून हवेत काळे होईपर्यंत निववा. दर वेळी आधीपेक्षा किंचित कमी तापवा. ठोकून वाढलेले दाणे त्याने बारीक होतात आणि आतला ताण जातो. हा टप्पा गाळणाऱ्यांचीच पाती वाकडी होतात. पाणी देण्याआधी धार दीड-दोन मिमी जाड ठेवा. ती पातळ करणे नंतरचे काम आहे.

तापमानासाठी लोहचुंबक वापरा. पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटेनासे होते. तिथून एक छटा पुढे, म्हणजे ८२० ते ८५० अंशांपर्यंत न्या आणि पाते सगळीकडे एकाच रंगाचे दिसेपर्यंत मिनिटभर फिरवत ठेवा. जाड पाठ मागे राहते आणि टोक पुढे पळते, म्हणून टोक निखाऱ्यांतून अधूनमधून बाहेर काढा.

तेल शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे, निदान ५ लिटर, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात. ते ५०-६० अंश गरम करून घ्या. थंड तेल घट्ट असते आणि पात्याभोवती हलत नाही, त्यामुळे उलट हळू थंड करते. तापवलेला लोखंडाचा तुकडा त्यात बुडवला की तेल गरम होते. गाडीचे जळके ऑइल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. पाते सरळ, धार खाली करून पूर्ण बुडवा. अर्धे बाहेर राहिले तर तिथे तेल पेटते. पुढे-मागे हलवा, आडवे हलवू नका. पेटलेच तर झाकण टाका. पाणी ओतले तर जळते तेल सगळीकडे उडेल.

कडक झाले की नाही ते कानशीने कळते. कानस घसरली तर झाले. आता पाते काचेसारखे ठिसूळ आहे, हातातून पडले तरी मोडेल. लगेच ओव्हनमध्ये २५० अंशांवर एक तास, थंड करून पुन्हा एक तास. ओव्हन नसेल तर पाते पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि पाठीकडून मंद तापवा. फिकट पिवळा रंग २२० अंशांना येतो, तांबूस २५०ला, जांभळा २८०च्या जवळ, निळा ३००ला. कोयत्याच्या धारेला तांबूस-जांभळा, पाठीला निळा. ऊसतोडीचा कोयता असेल तर जांभळ्याकडे झुकवा. धार थोडी लवकर जाईल, पण दगडावर बसली तरी तुकडा उडणार नाही.

जाता जाता : कोयता, विळा, सुरी ही शेतीची आणि घरची हत्यारे आहेत. तलवार, खंजीर यांना शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो. त्या वाटेला छंद म्हणून जाऊ नका.

टीएमटी सळईची सुरी केली. तीनदा तेल दिले तरी कडक होत नाही.
— वाचक, सोलापूर

होणारही नाही. एफई ५०० दर्जाच्या टीएमटी सळईत कार्बन ०.३० टक्क्यांहून कमी असतो. तिची ताकद कारखान्यात गरम सळईवर मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्याने आलेली असते आणि भट्टीत गेल्यावर ती निघून जाते. टीएमटीचे आकडे, खिट्ट्या करा. घडवण्याआधी तिच्या रेघा ठोकून सपाट करा, नाहीतर त्या दुमडून आत जातात. सुरीसाठी जुनी कानस, पाटा किंवा बेअरिंगची रिंग शोधा. शंका असेल तर तुकडा ग्राइंडरला लावा. लांब, सरळ, मोजक्या फुटींच्या ठिणग्या म्हणजे मऊ लोखंड. चाकाजवळच फुटणाऱ्या दाट झुपकेदार ठिणग्या म्हणजे जास्त कार्बन.

सळईला टोक काढताना टोकाला माशाच्या तोंडासारखी फट पडते आणि पुढे ती चिरत जाते. का?
— वाचक, इंदूर

टोक गार आहे आणि घाव हलके आहेत. अशा घावाने फक्त वरचा थर पुढे सरकतो, गाभा मागेच राहतो. काम टोकापासून सुरू करा, मधून नाही. १० मिमी चौकोनी सळई पिवळसर होईपर्यंत तापवा. तिचे टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर ठेवा, मागचे टोक थोडे उचला आणि हातोडाही त्याच कोनात उतरवा. आधी आखूड, बोथट चौकोनी टोक करा, मग ते मागे लांबवत न्या. दर दोन-तीन घावांनी सळई पाव फेरी फिरवा. गोल टोक हवे असले तरी पहिल्यापासून गोल करू नका : चौकोन, मग अष्टकोन, मग गोल. चौकोन कलून पतंगासारखा होऊ लागला तर तिथेच थांबून लांब कर्णावर ठोकून तो सरळ करा. तसाच रेटला तर आतून फाटतो.

माल किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. निमुळत्या टोकात सरळ सळईच्या एक तृतीयांश माल असतो. ९ सेंमीचे टोक हवे तर ३ सेंमी सळई खर्ची पडेल. पडलेली फट दाबून बंद करू नका, ती आत तशीच राहते. तेवढा भाग छिन्नीने तोडा.

टाकणखार टाकूनही दोन तुकड्यांचा जोड चिकटत नाही. चिकटला तर ठोकताना सुटतो.
— वाचक, कोल्हापूर

टाकणखार डिंक नव्हे. तो वितळून खवले विरघळवतो आणि हवा दूर ठेवतो, एवढेच. जोड उष्णतेने आणि दाबाने होतो. मऊ लोखंडाला १२५० अंशांच्या पुढे, जवळजवळ पांढरे व्हावे लागते. पृष्ठभाग ओल्या लोण्यासारखा चकाकतो, तेव्हा वेळ आली. ठिणग्या सुटू लागल्या तर लोखंड जळते आहे.

दोन्ही तोंडे आधी थोडी जाड ठोकून घ्या आणि मध्यभागी किंचित फुगीर ठेवा. तशी असली की आधी मधला भाग टेकतो आणि वितळलेला मळ कडेने बाहेर ढकलला जातो. सपाट किंवा खोलगट तोंडांत तो अडकतो. तुमचा जोड सुटतो तो बहुधा यामुळेच. टाकणखार लाल रंगावर, घासून स्वच्छ केल्यानंतरच टाका. कोळसा ताजा आणि जाळ खोल हवा. बाहेर काढल्यापासून दोन-तीन सेकंदांत पहिला घाव बसला पाहिजे, आणि तो हलका. जोरात मारले तर तुकडे एकमेकांवरून घसरतात. गॅसच्या भट्टीत हे करत असाल तर तळाला फायरब्रिकची चकती ठेवा. वितळलेला टाकणखार सिरॅमिक वूलला आरपार भोक पाडतो.

जुन्या पाण्याच्या पाइपचे तुकडे भट्टीत तापवले. रात्री थंडी वाजून ताप आला. संबंध असेल का?
— वाचक, अकोला

बहुधा आहे. त्या पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि हवेत त्याचा पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडाला धातूची चव येते. साधारण एक-दोन दिवसांत उतरते. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरकडे जा आणि काय जाळले ते सांगा. क्रोम केलेले भाग, रंगवलेले लोखंड, दोन्ही तोंडे बंद असलेली नळी, यांपैकी काहीच भट्टीत जाऊ नये. बंद नळीत अडकलेली हवा आणि ओल तापली की ती फुटते.

घडवलेल्या वस्तू पावसाळ्यात महिनाभरात गंजतात. रंग न लावता काय करता येईल?
— वाचक, रत्नागिरी

तारेच्या ब्रशने खवले पूर्ण काढा. सुटा खवला राहिला तर त्याच्याखालीच गंज धरतो. वस्तू १५०-२०० अंशांपर्यंत तापवा : काळीच दिसेल, पण पाण्याचा थेंब टाकताच तडतडून उडेल. त्यावर जवसाचे तेल आणि मेण, वजनाने निम्मे-निम्मे वितळवून, सुती फडक्याने पातळ पुसा. तेल धूर सोडून तपकिरी होते आणि थर धरतो. जाड लावले तर चिकट राहते, म्हणून दोन पातळ हात द्या. घरात टांगायच्या आकड्याला एवढे वर्षभर पुरते. उघड्यावरच्या फाटकाला ते पुरणार नाही, त्याला प्रायमर आणि रंगच लागतो. सुरीला मेण नको, नुसते खाद्यतेल पुसा.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. ती पाण्यात बुडवून ठेवा, किंवा एकेक पसरून बाहेर दोरीवर वाळवा.